तबकडी ते स्ट्रीमिंग : गाण्याचा बदलता आकार

मराठी भावगीत ऐकत वाढलेल्या श्रोत्याच्या मनात गाण्याची एक ठरलेली घडण असते. आधी वाद्यांचे थोडे आरंभसंगीत, मग ध्रुवपद, त्यानंतर दोन-तीन कडवी, दोन कडव्यांच्या मध्ये बासरीचा, सतारीचा किंवा व्हायोलिनचा तुकडा आणि अखेरीस पुन्हा ध्रुवपद. ही घडण गाण्याच्या स्वभावातूनच आली असावी, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात तिचा बराचसा भाग ध्वनिमुद्रणाच्या साधनाने आणि गाणे विकण्याच्या पद्धतीने ठरविलेला आहे. तबकडीवर जागा किती, कॅसेटची एक बाजू किती मिनिटांची, आकाशवाणीवरचा कार्यक्रम किती वेळाचा, यावर गाण्याचे माप ठरत आले.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत गाण्याचे वितरण डिजिटल झाले आणि जागेची ही मर्यादा संपली. आज कोणीही दोन मिनिटांचे किंवा दोन तासांचे ध्वनिमुद्रण सारख्याच सुलभतेने श्रोत्यांपर्यंत पोहोचवू शकतो. अशा वेळी गाणी मोकळेपणाने लांबतील, अशी अपेक्षा करता आली असती. लोकप्रिय गाण्याच्या बाबतीत मात्र उलट घडले. त्याचा आरंभ आखडला, कडवी कमी झाली आणि एकूण लांबी घटली. जागेच्या मर्यादेची जागा मोजणीच्या नियमाने घेतली, हे त्यामागचे प्रमुख कारण. हा बदल कसा घडला आणि त्यात कोणाचे काय पणाला लागले आहे, याचा हा आढावा.

तीन मिनिटांची तबकडी

भारतातील व्यावसायिक ध्वनिमुद्रणाचा आरंभ नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्ता येथे झाला. ग्रामोफोन अँड टाइपरायटर कंपनीचे फ्रेड गैसबर्ग यांनी तेथे प्रसिद्ध गायिका गौहरजान यांचे गायन मुद्रित केले. गाणे संपताच गौहरजान इंग्रजीतून आपले नाव उच्चारीत. तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे छापल्या जात, तेव्हा तेथील तंत्रज्ञांना गायिका कोण हे कळावे म्हणून ही घोषणा असे, असे सांगितले जाते. आरंभीच्या या गाण्यांच्या अखेरीस कलावतीचे नावच गाण्याचा भाग होऊन बसले, तेही वितरणाच्या सोयीसाठी.

मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या १० इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे संगीत मावे, तर १२ इंची तबकडीवर सुमारे साडेचार मिनिटांचे. मैफिलीत तासभर रंगणारा ख्याल या जागेत बसविणे हे गवयांपुढचे मोठेच आव्हान होते. काहींनी ध्वनिमुद्रणाला नकार दिला. काहींनी आलाप आवरते घेऊन बंदिश आणि निवडक ताना एवढ्यातच रागाचे चित्र उभे करण्याची कला साधली. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची ठुमरीची एक तबकडी ऐकून बालवयातील भीमसेन जोशी यांना गाण्याचा ध्यास लागला आणि १९३३ साली त्यांनी गुरूच्या शोधात घर सोडले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. म्हणजे आटोपशीर गाणे हे कमी प्रतीचे असते, असे मुळीच नाही.

मराठी भावगीताचा उदय १९३० च्या दशकातला. जे. एल. रानडे आणि पुढे एचएमव्ही कंपनीत अधिकारी झालेले जी. एन. जोशी यांनी कवींच्या रचना तबकडीवर आणल्या. कवितेतील कडव्यांची निवड करताना तबकडीवरील तीन मिनिटांचा विचार अपरिहार्य होता. चित्रपटगीतांनाही हाच नियम लागू झाला. पडद्यावर ऐकू येणारे एखादे कडवे तबकडीवर नसे आणि लांबलेले गाणे दोन्ही बाजूंना विभागून द्यावे लागे. ध्रुवपद, मधले संगीत आणि दोन-तीन कडवी हा साचा या मर्यादेतच पक्का झाला.

आकाशवाणी, एलपी आणि कॅसेट

माध्यम बदलले की गाण्याचे माप बदलते, याचे मराठीतील सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे ‘गीतरामायण’. ग. दि. माडगूळकर यांची गीते आणि सुधीर फडके यांचे संगीत असलेली ही मालिका आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ रोजी सुरू झाली. दर आठवड्याला एक याप्रमाणे ५६ गीते सादर झाली. येथे तबकडीची तीन मिनिटे आडवी येत नव्हती. त्यामुळे माडगूळकरांना अनेक कडव्यांतून प्रसंग उलगडता आला आणि फडक्यांना प्रत्येक गीतातील भावनेला अवधी देता आला. शिवाय श्रोत्याला पुढच्या आठवड्यातील गीताची वाट पाहावी लागे. त्या क्रमामुळे ५६ गीतांची मिळून एक सलग कथा झाली. हे गीतकाव्य केवळ तबकडीसाठी रचले गेले असते, तर त्याचे रूप वेगळेच झाले असते.

अमेरिकेत कोलंबिया कंपनीने १९४८ साली मिनिटाला सव्वातेहतीस फेऱ्यांच्या जवळपास गती असलेली दीर्घकालीन तबकडी, म्हणजे एलपी, बाजारात आणली. तिच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटांचे संगीत मावू लागले. रागसंगीताला थोडा श्वास घेता आला आणि सुगम संगीतात संपूर्ण तबकडीची एकत्रित कल्पना करण्याची पद्धत रूढ झाली. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा यांची १९६७ मधील ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही एलपी याचा उत्तम नमुना आहे. काश्मीरच्या खोऱ्यातील मेंढपाळाच्या दिवसभराची कल्पना रागांच्या क्रमातून तीत साकारली आहे. त्यातला क्रम बदलला, तर दिवसाची चाहूलच नाहीशी होते.

फिलिप्स कंपनीने १९६३ साली आणलेली कॅसेट भारतात घरोघरी पोहोचली ती १९८० च्या दशकात. तबकडीचा कारखाना उभारण्यास मोठे भांडवल लागे. कॅसेटची प्रत काढणे मात्र छोट्या व्यावसायिकालाही परवडे. त्यामुळे मोठ्या कंपन्यांची मक्तेदारी मोडली. अमेरिकी संगीताभ्यासक पीटर मॅन्युएल यांनी १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कॅसेट कल्चर’ या ग्रंथात उत्तर भारतातील हे स्थित्यंतर नोंदविले आहे. महाराष्ट्रातही त्याचा प्रत्यय आला. कोळीगीते, भीमगीते, पोवाडे, अभंग, लग्नातली गाणी असे जे संगीत पूर्वी तबकडीवर क्वचितच येई, ते जत्रेतल्या दुकानात मिळू लागले. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्यासारख्या गायकांचा आवाज गावोगावी पोहोचण्यात कॅसेटचा वाटा मोठा होता.

मात्र कॅसेटचीही स्वतःची सक्ती होती. साठ मिनिटांच्या फितीच्या दोन्ही बाजू भरायच्या, तर आठ-दहा गाणी हवीत. त्यातील दोन-तीन उत्तम असत. उरलेली अनेकदा भरतीची असत. ग्राहकाला एका आवडत्या गाण्यासाठी संपूर्ण कॅसेट विकत घ्यावी लागे. याच व्यवहारावर पुढे डिजिटल वितरणाने घाव घातला.

संचातून सुटे झालेले गाणे

कॉम्पॅक्ट डिस्क १९८२ साली बाजारात आली आणि संगीत अंकांच्या स्वरूपात साठविले जाऊ लागले. ७४ मिनिटांच्या या चकतीने वितरणाची रीत मात्र फारशी बदलली नाही. वस्तू दुकानातच विकली जात होती आणि गाणी संचातच मिळत होती. खरा बदल घडविला तो एमपीथ्री या तंत्राने. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेत विकसित झालेल्या या पद्धतीत मानवी कानाला जाणवणार नाही असा ध्वनीचा तपशील वगळून फाईलचा आकार सुमारे एक दशांशापर्यंत खाली आणता येतो. १९९५ साली या फाईलींना ‘एमपीथ्री’ हे नाव निश्चित झाले. त्यानंतर चारच वर्षांनी, जून १९९९ मध्ये, अमेरिकेत ‘नॅपस्टर’ ही सेवा सुरू झाली आणि लोक एकमेकांच्या संगणकावरील गाणी विनामूल्य उतरवून घेऊ लागले. ध्वनिमुद्रण कंपन्यांनी दाखल केलेल्या खटल्यामुळे जुलै २००१ मध्ये ती बंद पडली. परंतु श्रोत्याला एकेक गाणे निवडून घेण्याची सवय लागली होती.

अॅपल कंपनीने २८ एप्रिल २००३ रोजी आयट्यून्स म्युझिक स्टोअर सुरू करून या सवयीला कायदेशीर दुकान दिले. तेथे बहुतेक गाणी प्रत्येकी ९९ सेंटला सुटी मिळू लागली. भारतात हे दुकान आले ते डिसेंबर २०१२ मध्ये. त्याआधी फेब्रुवारी २०१२ मध्ये फ्लिपकार्टने ‘फ्लाईट’ ही गाणी विकणारी सेवा सुरू केली होती. ती पुढच्याच वर्षी बंद झाली. तोवर आपल्याकडील श्रोत्याने आपली वेगळी वाट काढली होती. शंभर-सव्वाशे गाणी भरलेल्या बनावट एमपीथ्री सीडी रेल्वे स्थानकांबाहेर आणि आठवडी बाजारात विकल्या जात. पुढे मोबाईलचे मेमरी कार्ड गाण्यांनी भरून देणारी दुकाने तालुक्याच्या गावी दिसू लागली. त्या कार्डावर भजन, लावणी, हिंदी चित्रपटगीत आणि डीजेचे मिश्रण शेजारी-शेजारी नांदत असे. गाणे कोणत्या संचातले, त्याच्या आधी आणि नंतर काय होते, गीतकार कोण, वादक कोण, ही सारी माहिती त्या प्रवासात गळून पडली.

भरतीची गाणी विकत घेण्याची सक्ती संपली, हा श्रोत्याचा निर्विवाद लाभ होता. परंतु तिच्याबरोबर गाण्यांचा क्रमही मोडला. काही मोठ्या कलावंतांनी त्याला विरोध केला. अमेरिकी गायिका बियॉन्से हिने डिसेंबर २०१३ मध्ये कोणतीही पूर्वसूचना न देता आपला अल्बम आयट्यून्सवर आणला आणि आरंभीचे काही दिवस तो केवळ पूर्ण संच म्हणूनच विकला. ब्रिटिश गायिका अॅडेल हिच्या विनंतीवरून नोव्हेंबर २०२१ मध्ये स्पॉटिफायने अल्बममधील गाणी आपोआप उलटसुलट क्रमाने वाजविण्याची रीत मागे घेतली. असा आग्रह धरण्याइतके वजन फारच थोड्या कलावंतांपाशी असते.

कॉलर ट्यूनचा काळ

भारतात संगीत कंपन्यांना डिजिटल विक्रीतून पहिले घसघशीत उत्पन्न मिळाले ते मोबाईलच्या रिंगटोन आणि कॉलर ट्यून यांतून. २००० च्या दशकाच्या मध्यास हा व्यवसाय फोफावला. कॉलर ट्यूनसाठी ग्राहक दरमहा ठरावीक शुल्क भरी आणि प्रत्येक गाण्याचे पैसे वेगळे देई. सबंध गाणे पायरसीमुळे फुकट मिळत असताना त्याचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा मात्र पैसे देऊन घेतला जात होता, हे त्या काळाचे वैशिष्ट्य.

हा तुकडा फोन लावणाऱ्याच्या कानी पडे. समोरच्याने फोन उचलला की तो तुटे. साहजिकच ध्रुवपदाची ओळ किंवा चटकन ओळखू येणारी वाद्यधून याच भागाला किंमत आली. संपूर्ण गाण्याऐवजी त्यातील ‘पकड’ विकली जाण्याचा हा आरंभ म्हणता येईल. ग्राहकांच्या संमतीविना पैसे कापले जात असल्याच्या तक्रारींमुळे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने नियम कडक केले. २०१३ मध्ये अशा सेवांसाठी ग्राहकाची दुहेरी पुष्टी सक्तीची झाली आणि हा बाजार ओसरला. तुकड्याचे महत्त्व मात्र ओसरले नाही.

तीस सेकंदांचा हिशेब

गाणे विकत न घेता इंटरनेटवरून हवे तेव्हा ऐकण्याच्या पद्धतीला स्ट्रीमिंग म्हणतात. स्वीडनमधील स्पॉटिफाय ही सेवा ऑक्टोबर २००८ मध्ये श्रोत्यांसाठी खुली झाली. भारतात सावन आणि गाना या सेवा तिच्या कितीतरी आधी रुळल्या होत्या. स्पॉटिफाय येथे आली ती फेब्रुवारी २०१९ मध्ये. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओचे आगमन झाल्यानंतर इंटरनेटचे दर कोसळले आणि स्ट्रीमिंग खेड्यापाड्यांतील मोबाईलपर्यंत पोहोचले. जागतिक ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये उद्योगाच्या एकूण उत्पन्नापैकी ६७ टक्क्यांहून अधिक वाटा स्ट्रीमिंगचा होता.

या व्यवस्थेत मोबदला कसा ठरतो, हे समजून घेतल्याशिवाय गाण्याच्या बदललेल्या आकाराचा उलगडा होत नाही. स्पॉटिफायवर गाणे किमान ३० सेकंद वाजले की ते एकदा ऐकले गेले, अशी नोंद होते. श्रोत्यांची वर्गणी आणि जाहिराती यांतून जमा झालेल्या रकमेचा हक्कधारकांसाठीचा भाग एकत्र केला जातो आणि एकूण श्रवणनोंदींतील ज्याच्या-त्याच्या प्रमाणात वाटला जातो. येथे गाण्याच्या लांबीला काही मोल नाही. दोन मिनिटांचे गाणे एकदा वाजले तरी एक नोंद आणि पन्नास मिनिटांचा राग संपूर्ण ऐकला तरी एकच नोंद. एका तासात दोन मिनिटांचे गाणे तीस वेळा वाजू शकते, पाच मिनिटांचे बाराच वेळा. रागसंगीताच्या ध्वनिमुद्रणात आलाप, विलंबित आणि द्रुत असे वेगवेगळे तुकडे करून देण्यामागेही हे गणित असू शकते.

मोजणीचा नियम बदलला की संगीताचा आकार बदलतो, याचा आणखी एक दाखला अमेरिकेत मिळाला. ‘बिलबोर्ड’ या नियतकालिकाने डिसेंबर २०१४ पासून अल्बमच्या क्रमवारीत स्ट्रीमिंगची गणना सुरू केली. त्या वेळी गाण्यांच्या १५०० श्रवणनोंदी म्हणजे एका अल्बमची विक्री, असे प्रमाण ठरले. पुढे ते बदलत गेले. जितकी गाणी अधिक, तितक्या नोंदी अधिक. त्यामुळे गाणी आखूड होत असतानाच अल्बम लांबू लागले. कॅनेडियन रॅप गायक ड्रेक याच्या २०१८ मधील ‘स्कॉर्पियन’ या अल्बममध्ये २५, तर ख्रिस ब्राऊनच्या २०१७ मधील एका अल्बममध्ये ४५ गाणी होती. कॅसेटच्या काळातील भरती अशा रीतीने नव्या रूपात परतली.

आखडलेला आरंभ, हरवलेले कडवे

तीस सेकंदांच्या आत श्रोता निघून गेला, तर मोबदला नाही. आणि श्रोता फार लवकर निघून जातो. स्पॉटिफायच्या आकडेवारीचा अभ्यास करून पॉल लामेर यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, जवळपास २४ टक्के वेळा श्रोते पहिल्या पाच सेकंदांतच पुढच्या गाण्याकडे वळतात, तर जवळपास निम्म्या वेळा गाणे संपण्याआधीच ते सोडून दिले जाते. तबकडीच्या काळात सुई उचलून पुढे ठेवण्यासाठी जागेवरून उठावे लागे, कॅसेट पुढे पळवावी लागे. आता अंगठ्याचा एक स्पर्श पुरतो.

अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठातील संशोधक ह्युबर्ट लेव्हेये गोव्हँ यांनी १९८६ ते २०१५ या काळातील अमेरिकी लोकप्रियता यादीच्या पहिल्या दहांतील ३०३ गाणी तपासली. १९८० च्या दशकाच्या मध्यास गायकाचा आवाज ऐकू येण्याआधी सरासरी वीसहून अधिक सेकंदांचे वाद्यसंगीत असे. २०१५ पर्यंत ते सुमारे पाच सेकंदांवर आले. ‘क्वार्ट्झ’ या वृत्तसंकेतस्थळाने २०१९ मध्ये केलेल्या पाहणीत अमेरिकेच्या पहिल्या शंभर गाण्यांची सरासरी लांबी २०१३ ते २०१८ या पाच वर्षांत सुमारे वीस सेकंदांनी घटून साडेतीन मिनिटांवर आल्याचे आढळले. त्याच वर्षी लिल नॅस एक्स याचे ‘ओल्ड टाऊन रोड’ हे गाणे सलग वाटचालीत १९ आठवडे अग्रस्थानी राहिले. त्याचे मूळ रूप दोन मिनिटांहूनही कमी लांबीचे आहे.

या घटीचे सारे खापर स्ट्रीमिंगवर फोडणे योग्य ठरणार नाही. आरंभसंगीत आखडण्याची प्रक्रिया स्ट्रीमिंगच्या आधीच सुरू झाली होती, हे वरील संशोधनाच्या कालखंडावरूनच दिसते. नभोवाणी, दूरचित्रवाणी आणि ध्वनिसंश्लेषक यांचाही त्यात हात आहे. वाद्यवृंदाची गरज सिंथेसायझरने कमी केली, ती डिजिटल वितरणापूर्वीच. मात्र स्ट्रीमिंगने या प्रवाहाला आर्थिक आधार दिला, असे निश्चितपणे म्हणता येते.

आपल्याकडील गाण्यांतही हा बदल कानाला जाणवतो. ध्रुवपद अगदी आरंभीच येते, दुसऱ्या कडव्याला अनेकदा फाटा मिळतो आणि दोन कडव्यांमधील वाद्यसंगीताची जागा तालाचा ठेका घेतो. त्यात लघुचित्रफितींची भर पडली. जून २०२० मध्ये भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि त्यानंतर काही दिवसांतच इन्स्टाग्रामने रील्स, तर सप्टेंबर २०२० मध्ये यूट्यूबने शॉर्ट्स येथे सुरू केले. गाण्यातील ज्या दहा-पंधरा सेकंदांवर लोक नाचतील, तो भाग आधी आणि उरलेले गाणे मागाहून, असा विचार गीत रचतानाच होऊ लागला. संजू राठोड यांचे २०२४ मधील ‘गुलाबी साडी’ हे मराठी गाणे रील्सच्या बळावर भाषेच्या सीमा ओलांडून गेले, ते अशाच मोजक्या ओळींच्या जोरावर.

गाण्याचे एकच अंतिम रूप असते, ही कल्पनाही सैल झाली आहे. एकाच गाण्याची वेगवान, संथ, लो-फाय अशी रूपे अधिकृतपणे प्रसिद्ध केली जातात आणि प्रत्येकाची नोंद मूळ गाण्याला हातभार लावते. कान्ये वेस्ट याने २०१६ मधील ‘द लाईफ ऑफ पाब्लो’ हा अल्बम प्रसिद्ध झाल्यानंतरही त्यातील गाण्यांत फेरफार केले. छापून झालेल्या तबकडीच्या बाबतीत हे अशक्यच होते.

उलट दिशेचे दाखले

डिजिटल वितरण म्हणजे आखूड गाणे, असा निष्कर्ष मात्र घाईचा ठरेल. टी-सीरीजने मे २०११ मध्ये यूट्यूबवर ठेवलेल्या, हरिहरन यांनी गायिलेल्या हनुमान चालिसाच्या चित्रफितीने मार्च २०२३ मध्ये ३०० कोटी दर्शनांचा टप्पा ओलांडला. असा टप्पा गाठणारी ती पहिली भारतीय चित्रफीत. तिची लांबी साडेनऊ मिनिटांहून अधिक आहे. रोज सकाळी घरात लावून ठेवण्याच्या या संगीताचा श्रोता अंगठा हलवीत बसत नाही.

यूट्यूबचा हिशेबही वेगळा आहे. आठ मिनिटांहून लांब चित्रफितीच्या मध्ये जाहिराती घालण्याची मुभा जुलै २०२० पासून तेथे आहे. त्याआधी ही अट दहा मिनिटांची होती. संपूर्ण चित्रपटाची गाणी सलग ऐकविणारे ‘ज्यूकबॉक्स’, तासाभराच्या भजनमाला आणि जुन्या भावगीतांचे दीर्घ संच तेथे मुबलक आढळतात. म्हणजे जेथे नोंदींची संख्या मोजली जाते तेथे संगीत आखडते आणि जेथे ऐकण्याचा वेळ मोजला जातो तेथे ते लांबते. तंत्र दोन्हीकडे डिजिटलच आहे. फरक हिशेबाचा आहे.

निष्ठावंत श्रोता असेल, तर नियमही मागे पडतात. टेलर स्विफ्ट हिचे दहा मिनिटांहून अधिक लांबीचे एक गाणे नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिकी यादीत अग्रस्थानी पोहोचले. या स्थानी आलेले ते सर्वांत लांब गाणे ठरले. मराठीत २०१६ मधील ‘सैराट’ची गाणी आठवावीत. अजय-अतुल यांनी त्यासाठी लॉस एंजेलिसमध्ये पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण केले. चित्रपटात गाणी चारच. परंतु एकही तीन मिनिटांत उरकलेले नाही. आरंभसंगीत, कडवी आणि मधले संगीत यांचा पूर्ण विस्तार त्यांत आहे आणि तरीही ती मोबाईलवरून घराघरांत वाजली. कॅसेटच्या दोन बाजू भरण्याची सक्ती नसल्याने चारच गाण्यांवर सारी मेहनत करता आली, हा लाभही डिजिटल वितरणाचाच म्हणावा लागेल.

मराठी गाण्यापुढील प्रश्न

कॅसेटने जे काम १९८० च्या दशकात केले, ते आज अधिक व्यापक प्रमाणात होत आहे. नव्या गायकाला कंपनीच्या दारी जावे लागत नाही. घरी केलेले ध्वनिमुद्रण थोड्या शुल्कात जगभरातील सेवांवर ठेवता येते. परिणामी गर्दीही अफाट झाली आहे. ल्युमिनेट या आकडेवारी संस्थेनुसार २०२३ मध्ये स्ट्रीमिंग सेवांवर एकूण १८ कोटी ४० लाख ध्वनिमुद्रणे होती. त्यांपैकी सुमारे ४ कोटी ५६ लाख त्या वर्षात एकदाही ऐकली गेली नाहीत. स्पॉटिफायने २०२४ पासून आणखी एक अट घातली. मागील बारा महिन्यांत किमान १००० श्रवणनोंदी नसलेल्या गाण्याला मोबदल्यात वाटा मिळत नाही. हिंदी गाण्याला ही अट किरकोळ वाटेल. एखाद्या बोलीतील गीतसंग्रहाला, मालवणीतील किंवा अहिराणीतील ओव्यांना ती तितकी किरकोळ नसेल.

गीतकार आणि संगीतकार यांची बाजू कायद्याने काहीशी सावरली आहे. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्ती कायद्याने चित्रपटगीतांच्या गीतकार-संगीतकारांचा स्वामित्वधनावरील हक्क अबाधित ठेवला. गीतकार जावेद अख्तर यांनी त्यासाठी संसदेत आणि बाहेर पाठपुरावा केला होता. परंतु मधल्या संगीतात बासरी किंवा व्हायोलिन वाजविणाऱ्या वादकाचे उत्पन्न बहुधा ध्वनिमुद्रणाच्या दिवशीच्या मेहनतान्यावर अवलंबून असते. मधले संगीतच उरले नाही, तर तो दिवसही उरत नाही.

मराठी भावगीताच्या संदर्भात प्रश्न आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. हे गाणे कवितेतून आले. कवितेचा आशय पुष्कळदा शेवटच्या कडव्यात वळण घेतो. पहिल्या दोन कडव्यांत मांडलेले चित्र तेथे अचानक उलगडते. संगीतकारही त्यासाठी चाल किंचित बदलतो किंवा तालाला थोडे थांबवितो. ज्या हिशेबात तिसाव्या सेकंदानंतर काय घडते याला मोल नाही, त्या हिशेबात या शेवटच्या कडव्यालाही मोल नाही. ते कोणी मुद्दाम वगळीत नाही. त्यावर खर्च करण्याचे कारण तेवढे उरत नाही.

हिशेबाचे नियम बदलता येतात, ही त्यातल्या त्यात दिलासा देणारी बाब. साऊंडक्लाऊड या सेवेने एप्रिल २०२१ पासून छोट्या कलावंतांसाठी वेगळी पद्धत सुरू केली. तीत प्रत्येक श्रोत्याचे पैसे त्याने प्रत्यक्ष ऐकलेल्या कलावंतांनाच मिळतात. फ्रान्समधील डीझर या सेवेने २०२३ मध्ये, श्रोत्याने स्वतः शोधून ऐकलेल्या गाण्याला अधिक मोल देण्याचे धोरण जाहीर केले. ऐकलेल्या मिनिटांवर मोबदला ठरला, तर ख्यालालाही त्याचा वाटा मिळेल आणि गीतातील तिसऱ्या कडव्यालाही. अशी मागणी करायची, तर ती भारतीय संगीताला अधिक लागू पडते. कारण आपल्याकडील संगीताचा मोठा हिस्सा सावकाश उलगडणारा आहे.

तोवर श्रोत्याच्या हाती एक साधी गोष्ट आहे. तबकडीच्या काळात गाणे अर्ध्यावर सोडणे कष्टाचे होते म्हणून आपण ते पूर्ण ऐकत होतो. आज ते पूर्ण ऐकायचे, तर ठरवून ऐकावे लागेल.